शनिवार ते शनिवार, आणि मध्ये चंद्र

"चंद्र नक्की कधी दिसणार, ते मला आजच्या आज लेखी पाठवा," फ्राऊ ब्रुगर फोनवर म्हणाल्या.

"मॅडम, ते कुणालाच माहीत नसतं."

"कुणालाच म्हणजे?"

"आदल्या संध्याकाळी कळतं. आकाशात दिसला तर."

फ्राऊ म्हणजे जर्मनमध्ये बाई. ऑस्ट्रियातल्या डोंगरात ह्या बाईंचं भाड्यानं द्यायचं घर होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे शुक्रवारनंतर शनिवार येतो. दर आठवड्याला येतो. तुमच्याकडे कशी पद्धत आहे?"

मी फोन ठेवला आणि टेबलावरचा स्टेपलर उगीचच दोनदा दाबला. माझा स्वभाव तापट आहे. ट्रॅव्हलच्या धंद्यात तो दाबून ठेवावा लागतो, आणि तो असा स्टेपलरमधून बाहेर पडतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दुबईत देरा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी हॉलिडेज सेक्शन बघायचे. तिकिटं काढणारी मंडळी वेगळी. माझ्याकडे हॉटेल, गाड्या, व्हिसाची कागदपत्रं आणि हिवाळ्यात बर्फातली घरं. अशा घराला स्की लॉज किंवा शॅले म्हणतात. लाकडी घर, उतरतं छप्पर, आत किचन, तीन-चार खोल्या. हॉटेलसारखी एकेक खोली मिळत नाही, अख्खं घर भाड्यानं घ्यायचं, स्वतः रांधायचं, स्वतः आवरायचं. आमची बहुतेक गिऱ्हाइकं अरब किंवा गोरी असायची. त्यामुळे इब्राहिम मुकादम कौंटरवर येऊन "बाय, बर्फातलं घर पायजे" म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांना खुर्ची दिली आणि मग नीट विचारलं, घरच ना?

इब्राहिमचाचांचं खाडीकाठी दुकान होतं. दोर, जाळी, ताडपत्री, लाँचवाल्यांना लागणारं सगळं सामान. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा. तरुणपणी दुबईला आला तो आलाच. बायको, खैरूनचाची, कायम गावी. सासूसासरे तिनं सांभाळले, आंब्याची कलमं सांभाळली, तीन पोरं वाढवली. चाचा दोन वर्षांनी एकदा महिनाभर घरी जायचे. मोठा सलीम पुढे दुबईतच नोकरीला लागला, मुलगी नसरीन लग्न होऊन मँचेस्टरला गेली, धाकटा रशीद गावी आईजवळ राहिला. आता चाचा दुकान विकून उन्हाळ्यात कायमचे परत जाणार होते.

त्यांच्याबरोबर सलीमची मुलगी झोया होती. ऊद मेथातल्या शाळेचा युनिफॉर्म, हातात आमचंच ब्रोशर. तिनं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "दिस वन, आंटी. द वन विथ द रेड शटर्स."

"नात म्हणते म्हणून घेताय का?" मी विचारलं.

"बर्फ हिचा. घर माझं," चाचा म्हणाले. "बघा बाय, गावाला गेलो की घरात मी नसतोच. सकाळपास्नं लोक. कुणाच्या पोराला व्हिसा पायजे, कुणाला नुसतं बघायचंय माणूस केवढा झाला. इथं दुबईत ईदला दुकानातले, लाँचवरचे, सगळे दारात. लोक चांगलेच हो, पण माझ्या पोरांत मी कधी बसलोच नाय. मला असं घर द्या, की जिथं बेल वाजणार नाय."

"मग हॉटेल घ्या ना. कुणालाच स्वैपाक नको. आराम."

"हॉटेलात ईद होत नाय, बाय. हॉटेलात नाश्ता होतो."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. आखातात ईदचा चंद्र बहुतेक एक दिवस आधी दिसतो. गावाकडे दुसऱ्या दिवशी. ईदला दुकान सोडून जाणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणजे लग्न झाल्यापासून नवराबायकोची ईद एका दिवशी झालीच नव्हती. ह्यांनी इकडून फोन करून मुबारक म्हणायचं, तेव्हा ती रोजात. तिची ईद उजाडायची, तेव्हा हे दुकानाचं शटर उघडत असायचे. "एकदा तरी एका दिवशी व्हावी," ते म्हणाले, आणि लगेच झोयाच्या हातातलं ब्रोशर उलटंसुलटं बघायला लागले.

मी भाडं सांगितलं. दुबईतला आपला कुठलाही माणूस दिरहॅमचा आकडा ऐकला की आधी मोठ्यानं रुपये करून बघतो. चाचांनी केले नाहीत. तेव्हाच मला कळलं की हे बुकिंग वेगळं आहे.

तारीख त्यांनीच दिली. त्यांच्या दुकानात भिंतीवर गावाहून आणलेलं कॅलेंडर होतं. त्यात ईदच्या चौकोनावर त्यांनी खूण करून ठेवली होती. रविवार, फार तर सोमवार. शनिवारी घरात शिरायचं, रविवारी ईद, पुढचा आठवडा मजा. मला हे फारच सोयीचं वाटलं. कारण आमच्या धंद्यात अशा घरांना एक कडक नियम असतो, चेंजओव्हर डे. घर शनिवार ते शनिवारच मिळतं. जुने पाहुणे सकाळी निघतात, दुपारी साफसफाई, चार वाजता नवे पाहुणे. मधलाअधला दिवस मागायचा नाही. मागितलात तर मालक तुमच्याकडे असं बघतात, की तुम्ही अर्धी इडली मागितलीत.

व्हिसे झाले. हे मी एका वाक्यात लिहितेय, पण त्यात माझी दोन महिन्यांची झोप गेली. दुबई, मुंबई, मँचेस्टर, तीन ठिकाणचे लोक म्युनिकला उतरणार आणि तिथून गाडीनं डोंगरात. सगळं जुळलं. मी स्वतःवरच खूश होते.

रमजान सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा ऑफिसला आले. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. उपासाचा चेहरा मला कळतो, आईच्या चतुर्थ्या बघत मोठी झालेय. हा तो नव्हता.

"बाय, घोटाळा झाला," ते म्हणाले. "आपला रोजा काल सुरू झाला. हिचा फोन आला, तिकडं आजपास्नं."

मला आधी समजेचना. मग टेबलावरचं कॅलेंडर ओढून घेतलं आणि समजलं. चाचांनी ईद मोजली होती ती गावाच्या कॅलेंडरवरून. तीस वर्षं दुबईत काढलेल्या माणसानं दुबईचा चंद्र मोजलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात ईद म्हणजे तिची ईद. आता इथल्या हिशेबानं चंद्र शुक्रवारी संध्याकाळी दिसला तर ईद शनिवारी. नाही दिसला तर रविवारी. शनिवारी झाली तर काय? दुबईची मंडळी विमानात, मँचेस्टरची मंडळी एअरपोर्टवर, आणि घर चार वाजेपर्यंत बंद. ईद म्हणजे सकाळची नमाज आणि पहिला घास. संध्याकाळी उरतात ती भांडी.

"ऑस्ट्रियातले मुसलमान कधी करतात?" मी विचारलं.

"नसरीननं विचारलंय. तिकडं जवळ तुर्की लोकांची मशीद हाय. शुक्रवारी आपल्याकडं दिसला तर ते पण शनिवारीच करणार."

त्यानंतरच मी फ्राऊ ब्रुगरना तो पहिला फोन केला. त्यांनी मला शनिवार कधी येतो ते समजावून सांगितलं.

आमचे मॅनेजर थॉमससर कोट्टायमचे. हिंदी बोलायचे तर प्रत्येक वाक्य ऑर्डर दिल्यासारखं. मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"सिंपल है. म्युनिक में वन नाइट हॉटेल दे दो. ईद होटल में. फिर घर. खलास."

"सर, त्यांना हॉटेल नकोय."

"क्यों?"

"हॉटेल में ईद नहीं होता, नाश्ता होता है."

थॉमससरांनी चष्मा काढला. "अनघा, यू आर द ट्रॅव्हल कन्सल्टंट. चाँद इज नॉट अवर सप्लायर."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढचे चार दिवस ते सगळ्यांना ऐकवत होते. मी बाहेर आले. शेजारच्या टेबलावरची मंडळी सहानुभूतीनं बघत होती. त्यांना वाटलं, मला झापलं.

संध्याकाळी चाचांना फोन लावला आणि हॉटेलचा पर्याय सांगितला. माझं काम होतं ते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"राहू दे, बाय," ते म्हणाले. "तुम्ही लय केलंत. नशिबात नाय तर नाय. सगळ्यांना घेऊन शनिवारी जाऊ. ईद जिथं गाठेल तिथं."

त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडणारं गिऱ्हाईक मला सांभाळता येतं. "राहू दे" म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे मला आजही कळत नाही. मी घरी गेले, नवऱ्याशी विनाकारण भांडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या ऑस्ट्रियाला परत फोन लावला. तिकडे पहाट असणार हे माझ्या लक्षातच आलं नाही. फ्राऊ ब्रुगर जाग्या होत्या. गाई होत्या त्यांच्या.

"पुन्हा चंद्र?" त्यांनी विचारलं.

"नाही. आज चंद्र नाही. आज मला त्या बाईंबद्दल सांगायचंय."

आणि मी सांगितलं. नवरा इकडे, बायको तिकडे, दोन देशांत दोन दिवशी सण. इंग्रजी माझंही बेताचं आणि त्यांचंही. त्यामुळे वाक्यं छोटी झाली, आणि छोट्या वाक्यांत खोटं किंवा गोड बोलायला जागा राहत नाही.

"तीस वर्षं लग्न झालंय," फ्राऊ ब्रुगर म्हणाल्या. "आणि ते एकत्र राहत नाहीत?"

"नाही."

"भांडण?"

"नाही. काम."

पलीकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या ओळखीतली निम्मी दुबई अशीच राहत होती. बेडस्पेस म्हणजे एका खोलीत भाड्यानं घेतलेला एक पलंग, त्यावर आमची माणसं आयुष्यं काढत होती. रोज त्यांना आमच्या ऑफिसात तिकिटं काढताना बघत होते मी. पण "भांडण?" असं कुणी विचारलं नव्हतं.

"वरच्या मजल्यावर न्यू इयरचे डच पाहुणे आहेत," फ्राऊ ब्रुगर म्हणाल्या. "ते शनिवारी सकाळीच जाणार. त्यांना मी काढणार नाही."

"नाही, नाही. तसं मी म्हणतच नाही."

"खाली मी राहते. दोन खोल्या आणि किचन. शुक्रवारी ह्या लोकांनी खाली यावं. मी एक रात्र बहिणीकडे झोपेन. शनिवारी ते वर जातील. पण माझ्याकडे एवढे पलंग नाहीत."

"ते जमिनीवर झोपतील."

"सगळे?"

"मॅडम, जमिनीवर झोपण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही."

"आणि स्वैपाक कोण करणार?"

"त्या बाई."

"मग तिला सांगा, ओव्हन चांगला आहे, पण डावीकडचा बर्नर उशिरा पेटतो."

चाचांना हे सांगितलं, तेव्हा ते एकदम काळजीच्या आवाजात म्हणाले, "सगळं ठीक हाय, बाय. पण जावई? जावयाला जमिनीवर झोपवायचा?"

"चाचा, एक रात्र झोपेल तो!"

"मँचेस्टरचा हाय हो."

"मँचेस्टरचा असला तरी जावई तुमचाच. मी त्याला फोन करू का?"

"नको, नको. नसरीनला सांगतो. ती बघेल त्याच्याकडं."

मग तिकिटं एक दिवस अलीकडे आणायची होती. ग्रुपचं तिकीट स्वस्त मिळतं, पण तारीख बदलायची म्हटलं की एअरलाइनवाले ओळख विसरतात. दोन दिवस मी फोनवर होते. शेवटी थॉमससर केबिनमधून बाहेर आले, माझ्या हातातला रिसीव्हर घेतला आणि पलीकडच्या माणसाशी मल्याळममध्ये असे काही बोलले, की मला फक्त "चाँद" आणि "यल्ला", म्हणजे अरबीत "चला", एवढंच समजलं. तारखा बदलल्या. रिसीव्हर परत देताना म्हणाले, "माय फादर वॉज इन कुवैत. ट्वेंटी-टू इयर्स. गो, गो, काम करो." आणि दार लावून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी चाचा ऑफिसला आले. "बाय, तिकडं डोंगरात ढग असणार, बर्फ असणार. नसरीन मशिदीत फोन करीलच. पण दुबईचा चाँद तुम्ही सांगाल का? इथं टीव्हीवर सांगतात. तुमच्याकडून ऐकला तर बरं वाटेल."

मी हो म्हटलं. सांगलीच्या आमच्या घरात चंद्र म्हणजे संकष्टीचा. तो उशिरा उगवतो म्हणून आई त्याच्यावर चिडायची, पण तो उगवणार याबद्दल कुणाला शंका नसायची. दिसेल की नाही अशा चंद्राची वाट मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा पाहिली. करामातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला. सूर्य बुडाल्यावर मी आणि नवरा दोघंही समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांवर नजर लावून उभे राहिलो. आम्हाला काही दिसला नाही. पण थोड्या वेळानं टीव्हीवर जाहीर झालं, चंद्र दिसला. उद्या ईद. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

मी ऑस्ट्रियाला फोन लावला. फ्राऊ ब्रुगरनीच उचलला, अजून बहिणीकडे गेल्या नव्हत्या.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी तिकडे काहीतरी जर्मनमध्ये ओरडून सांगितलं. एकच गलका झाला. मग फोनवर झोया आली.

"आंटी, इज इट रिअली ईद? बिकॉज दादी सेज इट इज नॉट."

ह्या गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मी शनिवार सांभाळला, चाचांनी जावई सांभाळला, थॉमससरांनी तिकिटं सांभाळली. पण खैरूनचाची तर गावाचा रमजान घेऊन आली होती. तिचा एक रोजा अजून बाकी होता. तिच्या गावात उद्या उपास होता.

चाचा फोनवर आले. आवाज पार खाली. "ही म्हणते, आयुष्यात कधी महिना अर्धा सोडला नाय. काय सांगू हिला? तीस वर्षं हिनं माझं ऐकलं. आज कुठल्या तोंडानं सांगू, की हे पण माझंच ऐक?"

"मी काय सांगणार, चाचा," मी म्हटलं. ट्रॅव्हल कन्सल्टंटच्या कामात हे बसत नव्हतं.

मागे बायकांचे आवाज येत होते. नसरीन आईला काहीतरी समजावत होती, जिथं असू तिथली ईद करायची असते, मशिदीतल्यांनीही तेच सांगितलं, राहिलेला रोजा नंतर भरून काढता येतो. मग ते आवाज थांबले आणि फोनवर एक नवाच आवाज आला. मोठा, स्वच्छ, लांबच्या माणसाशी बोलताना जरा जास्तच मोठा.

"तुम्हीच ना त्या ऑफिसातल्या? चाँद तुम्ही बघितलात?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "नाही, चाची. मी गॅलरीत उभी होते, पण बिल्डिंग आड आली. टीव्हीवर सांगितलं."

"उभ्या होता?"

"हो."

"कशाला?"

"तुमच्यासाठी."

चाची म्हणाल्या, "माझी पोरगी सांगते ते मला ठाऊक हाय. मला मसला शिकवायला नको. मला राग ह्याचा नाय." मसला म्हणजे धर्माचा नियम. "दरवर्षी यांचा फोन येतो. मुबारक, खैरून. मी पण मुबारक म्हणते, तेव्हा माझ्या तोंडात पाण्याचा थेंब नसतो. सगळ्या घरात एकटी मी दोन ईदी करायचे. एक यांची, फोनवरची. नि एक माझी, यांच्याशिवायची. कधी बोलले नाय. आज सगळ्यांसमोर एकदा नाय म्हणून बघितलं. बघूया म्हटलं, कोण थांबतंय माझ्यासाठी."

"मग? थांबले?"

"थांबले ना. म्हातारा दाराशी उभा हाय. म्हणतो, तू नाय तर मी पण नाय, उद्या कुणीच काय करायचं नाय." आणि चाची हसल्या. रडत होत्या बहुतेक, पण हसल्याही. "एवढं पुरे मला. एक रोजा घरी जाऊन भरून देईन. ठेवा फोन. शेवया भाजायला घ्यायच्यात, नि हिचा हा डावीकडचा चुलाणा पेटत नाय."

मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "ईद झाली."

बाकीचं मला नंतर कळलं. पहाटे बर्फातून दोन गाड्या करून सगळे त्या तुर्की मशिदीत नमाजला गेले. फ्राऊ ब्रुगरच्या किचनमध्ये शिरखुर्मा झाला, गावाहून आणलेल्या पिठाची सांदणं झाली. जमिनीवर झोपून जावयाची कंबर धरली आणि ते त्यानं स्वतःच सगळ्यांना हसून सांगितलं. डच पाहुणे निघताना जिन्यातच वाटी वाटी शिरखुर्मा खाऊन गेले. त्या आठवड्यात स्की केली ती एकट्या झोयानं, बाकी सगळे खिडकीपाशी बसून ती किती वेळा पडते ते बघत. फ्राऊ ब्रुगरना त्याचं फार आश्चर्य. स्की लॉजमध्ये येऊन सगळा दिवस नुसतं एकमेकांशी बोलणारे पाहुणे त्यांनी पाहिले नव्हते.

आणि बेल एकदाच वाजली. ईदच्या दुपारी. फ्राऊ ब्रुगर स्वतःच्याच घराच्या दाराशी उभ्या होत्या, हातात केक. चाचांनी दार उघडलं. पुढे मला सांगताना ते म्हणाले, "बाय, ही एक बेल चालली मला."

उन्हाळ्यात चाचांनी दुकान विकलं, व्हिसा कॅन्सल केला आणि गेले. जाताना ऑफिसला आले, तर मी नेमकी बाहेर कामाला गेलेली. टेबलावर आंबापोळीची पिशवी ठेवून गेले.

त्या अनुभवातून मी धंद्यापुरतं एक शिकले. सणाचं बुकिंग आलं की तारीख लिहून घेण्याआधी मी विचारायला लागले, ही तारीख कुणाच्या गावची? नवे लोक हसायचे. थॉमससर हसले नाहीत. त्यांनी ते ट्रेनिंगमध्ये घातलं, आणि मुद्दा त्यांचाच आहे असं सांगितलं.

पावसाळ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी ऑफिसात फोन आला. लाइन खरखरत होती.

"बाय, इब्राहिम मुकादम. गावास्नं बोलतोय."

"चाचा! कसे आहात? चाची?"

"बरी हाय. आज तिनं तो रोजा धरला. ईदचा राहिलेला."

"एवढ्या महिन्यांनी?"

"मी पण तेच विचारलं. परत आली तेव्हाच का नाय केलास? तर म्हणते, राखून ठेवला होता. तुम्ही कायमचे येईपर्यंत." मागे कुठेतरी पावसाचा आवाज होता, कुणी भांडी लावत होतं. "मी पण धरला. माझा बाकी नव्हता. तरी धरला. आत्ता सोडला दोघांनी, एकाच अजानीला."

मी नुसतं "मुबारक" म्हटलं. तिथून चाचींचा तो मोठा आवाज आला, "त्यांना सांगा, चाँद बघायला गॅलरीत उभं राहायला नको आता."

फोन ठेवला. थॉमससर केबिनच्या दारात उभे होते.

"कौन था? न्यू बुकिंग?"

"नाही सर. जुनंच होतं. शनिवार ते शनिवार. आज चेकआउट झालं."